एक मिलिग्रॅमची गोष्ट

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला घामच फुटला. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी म्हणजे आजीनं शिकवलं तेवढंच. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मी अजूनही गडबडते. म्हणून विषयही आजीचाच घेतलाय. चुका पोटात घाला.

गोष्ट २०२३ च्या दिवाळीतली. फर्स्ट इयरची पहिली सुट्टी, सांगलीला घरी गेले तर आजी अंथरुणातच. पहाटे पाचला उठून सगळ्या घराला उठवणारी आमची आजी! दोन्ही खांदे, मान, कंबर, मांड्या धरलेल्या. अंबाडा घालायला हात वर जाईना. रात्री कूस बदलायची तर आईला हाक मारायला लागायची. स्वतः शिवलेली लुगड्यांची गोधडी तिला अंगावरून बाजूला सारता येईना. दुपारपर्यंत मात्र बरंच सैल व्हायचं, म्हणून सगळे म्हणायचे, वयाचं दुखणं आहे. कुणी तेल सुचवलं, कुणी शेक.

शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं. आजीनं विचारलं, "ईएसआर किती आला गं?" मी म्हटलं, "सेव्हन्टी-एट." "मराठीत सांग." मी गप्प. बाबा म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर." आजी म्हणाली, "अगंबाई, माझ्या वयापेक्षा चार जास्त!"

आजाराचं नाव पॉलिमायाल्जिया रुमॅटिका. हा पन्नाशीनंतरच होतो आणि बहुतेक वेळा सत्तरीच्या आसपास. यात खांद्यांच्या आणि खुब्यांच्या सांध्यांभोवती सूज येते, सकाळी अंग लाकडासारखं होतं. मुख्य औषध प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड. रोज १५ मिलिग्रॅम सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी आजीनं स्वतःचा अंबाडा स्वतः घातला. आई तर रडलीच.

मला वाटलं, संपली गोष्ट. पण खरी गोष्ट इथून पुढेच आहे.

दुखणं गेलं तरी गोळी लगेच थांबवायची नसते. ती हळूहळू उतरवायची. १५ वरून साडेबारा, मग १०, आणि तिथून पुढे महिन्याला फक्त एक मिलिग्रॅम कमी. सगळं मिळून एक-दोन वर्षं, कधी जास्तही. आम्हाला सेमिस्टरचा सिलॅबस शेवटच्या तीन रात्रींत संपवायची सवय. एवढा पेशन्स कुणाला?

२०२४ च्या एप्रिलमध्ये पी.एल.साठी घरी गेले तेव्हा आजी ८ वर आली होती. चेहरा जरा गोल झालेला, भूक वाढलेली, साखर थोडी वर. हॉस्टेलमध्ये जिमवाल्या मुलांच्या स्टिरॉइडचे किस्से ऐकलेले होतेच. मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "आजी, स्टिरॉइड फार वाईट असतं. बरी झालीस ना, मग कशाला घेतेस?" मी बोलले आणि अभ्यासाला बसले. आजीनं मात्र ते मनावर घेतलं. कुणाला न सांगता गोळी बंद केली. नात इंजिनिअरिंगला, तिला कळतच असणार, असं तिला वाटलं असेल.

चौथ्या दिवशी पहाटे तिच्या खोलीतून हाक आली. आजीला कूस बदलता येत नव्हती. शिवाय मळमळ, चक्कर, अंगात त्राण नाही. बाबांनी डॉक्टरांना फोन केला आणि आम्ही तिला तसंच घेऊन गेलो. गोळी पुन्हा १० वर गेली. तिथेच मी कबूल केलं की हे माझ्यामुळे झालं. डॉक्टर ओरडले नाहीत. कागद घेऊन चित्र काढून समजावलं.

मूत्रपिंडाच्या वर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल बनवतात. बाहेरून गोळी येते तेव्हा मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे, आणि तो ऑर्डर कमी करतो. ग्रंथी झोपी जातात. गोळी एकदम थांबली तर बाहेरचाही माल नाही आणि घरचाही नाही. त्यांना जागं व्हायला वेळ द्यावा लागतो. पुढे कंट्रोल सिस्टिम्समध्ये फीडबॅक लूप शिकवला तेव्हा सर्वांत आधी मला आजी आठवली. आणि जिमवालं स्टिरॉइड हे वेगळंच प्रकरण असतं, हेही मला त्या दिवशी कळलं. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन दिलं, १९५० मध्ये त्यासाठी नोबेलही मिळालं. औषध गुणाचं आहे, फक्त त्याला घाई चालत नाही.

मग मी प्रायश्चित्त म्हणून एक तक्ता केला. मोठ्या अक्षरांत तारीख आणि मिलिग्रॅम. गोळी सकाळी नाश्त्यानंतरच; सुरुवातीला आजी रात्री घ्यायची आणि मग आढ्याकडे बघत जागी राहायची. हाडांसाठी कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिन. खाली लाल पेननं लिहिलं: कानशिलाजवळ नवं डोकं दुखलं, चावताना जबडा दुखला, नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टर, कारण या आजाराबरोबर कधीकधी डोक्याच्या रक्तवाहिन्यांनाही सूज येते आणि दृष्टी जाऊ शकते.

झोपेचंही बघितलं. गादीला मधे खड्डा पडला होता, कापूस पिंजून भरून घेतला. पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे, म्हणजे उठताना मांड्यांवर जोर येत नाही. कुशीवर झोपली की एक उशी गुडघ्यांत आणि एक वरच्या हाताखाली, खांदा लोंबू नये म्हणून. गोधडीऐवजी हलकी शाल. यावर आजी आठवडाभर रुसली होती. शेवटी गोधडीची घडी करून पायाशी ठेवली, तेव्हा रुसवा गेला.

५ वरून ४ वर येताना खांदे पुन्हा कुरकुरले, म्हणून डॉक्टरांनी दोन महिने तिथेच थांबवलं. पूर्वी मला ती हार वाटली असती. आता आजी ३ वर आहे. रोज सकाळी मेसमध्ये चहा घेताना मी फोन करते. ती आधी विचारते, "जेवतेस ना नीट?" मग मी विचारते, "रात्री कूस बदलली?"

"दोनदा," ती सांगते. "कुणाला न उठवता."

मित्रांनो, घरी कुणाला काही सल्ला द्यायच्या आधी एवढं लक्षात ठेवा. आपण इंजिनिअर व्हायच्या आधीच घरचे आपल्यावर विश्वास ठेवायला लागलेले असतात.