अंगठ्याचं काम

मंगलाष्टकं संपत आली की लग्नाच्या फोटोग्राफरची खरी परीक्षा सुरू होते. शेवटचं ‘सावधान’ होतं, अंतरपाट खाली सरकतो, वधूवर एकमेकांकडे पाहतात आणि नेमक्या त्याच वेळी हॉलभरातून अक्षता उडू लागतात. मुलुंड-बोरिवलीच्या आटोपशीर हॉलात कॅमेरा आणि त्या दोन चेहऱ्यांमध्ये अंतर थोडंच असतं. तेवढ्यातूनही तांदूळ, पाकळ्या आणि ते उधळणारे हात आडवे येतात. नवरीच्या डोळ्यांवर बसलेला फोकस एखाद्या हातावर सरकला, तर तो क्षण गेलाच. भटजींना पुन्हा ‘सावधान’ म्हणा असं सांगता येत नाही.

माझ्या कॅमेऱ्यात शटरच्या बटणाला फोकस करण्याची मुभाच नाही. ते काम उजव्या अंगठ्याचं आहे. कॅमेऱ्याच्या पाठीवर, अंगठा आपसूक टेकतो तिथे एक बटण असतं. ते दाबलं की फोकस होतो, सोडलं की आहे तिथे थांबतो. तर्जनीनं फक्त फोटो टिपायचा. याला ‘बॅक बटन फोकस’ म्हणतात. अंतरपाट धरलेला असतानाच मी नवरीच्या चेहऱ्यावर फोकस घेतो आणि अंगठा उचलतो. नवरी जागची हलत नाही, मीही हलत नाही. मग कितीही अक्षता उडाल्या तरी लेन्स विचलित होत नाही.

कारखान्यातून येणाऱ्या कॅमेऱ्यात ही दोन्ही कामं एकाच बटणावर असतात. शटर अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. नवशिक्याला हे सोपं पडतं. पण त्यामुळे प्रत्येक फोटोआधी कॅमेरा नव्यानं विचारतो, फोकस कुठे करू? तुम्ही आधीच ठरवलेलं उत्तर तो दर वेळी पुसून टाकतो. शिवाय स्थिर विषयाला एक मोड आणि हलत्या विषयाला दुसरा, अशी अदलाबदल करावी लागते. विषय काही आधी सांगून हलत नाही.

ही युक्ती नवी नाही आणि माझ्या मते ती जुन्या शिस्तीकडे परत जाणं आहे. निकॉन एफएम२ किंवा पेंटॅक्स के१००० वर काम केलेल्या पिढीला विचारा. डावा हात लेन्सची रिंग फिरवून फोकस करायचा, उजवी तर्जनी शटर दाबायची. दोन कामं दोन हातांत होती. १९८५ साली मिनोल्टा ७००० आला, १९८७ साली कॅननचा ईओएस ६५० आला. ऑटोफोकस घरोघरी पोचला आणि दोन्ही कामं एका बोटावर येऊन बसली. कॅननच्याच अभियंत्यांनी १९८९ सालच्या ईओएस ६३० मध्ये ती पुन्हा वेगळी करण्याची सोय दिली. पुढे अंगठ्याखाली खास ‘एएफ-ऑन’ बटण आलं. वेग यंत्राचा आणि निर्णय माणसाचा, ही वाटणी मला फार योग्य वाटते.

ती किती योग्य आहे हे गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी घाटकोपरला किंवा जोगेश्वरीला उभं राहिलं की कळतं. जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावले, १३.३४ मीटर उंचीचे, आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. असा मनोरा उभा राहताना फोटोग्राफरला सतत बदलत्या अंतराशी झुंजावं लागतं. खालचे थर बसतात तेव्हा विषय डोळ्यांच्या उंचीवर असतो. पाठींवर पाय देत एकेक गोविंदा वर सरकतो तेव्हा अंतर आणि कोन दोन्ही बदलतात. त्या वेळी मी अंगठा दाबून धरतो आणि चढणाऱ्या गोविंदासोबत फोकस वर चढवत नेतो. मनोरा स्थिर झाला, सलामीसाठी हात वर गेला की अंगठा उचलतो. आता मध्ये हंडीचा दोर येतो, दोराला बांधलेल्या माळा येतात, टँकरच्या पाण्याचा फवारा येतो. फोकस यांतल्या कशालाही भुलत नाही. थर डगमगू लागले की अंगठा पुन्हा खाली. मोड बदलायला मेनूत जावं लागत नाही, नजर व्ह्यूफाइंडरमधून निघत नाही. सगळा वेळ कॅमेरा सतत फोकस करणाऱ्या मोडवरच असतो. निकॉन-सोनीवर त्याला एएफ-सी म्हणतात, कॅननवर सर्वो.

ठाणे खाडीकाठी, भांडुप पंपिंग स्टेशनला हीच गोष्ट शांतपणे अनुभवता येते. या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, क्षेत्र १,६९० हेक्टर. २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत तिथे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो असतात, छोटेही आणि मोठेही. भरती-ओहोटीची वेळ पाहून होडीत बसायचं. चिखलात चोच बुडवून चरणारा रोहित बराच वेळ एका जागी असतो. त्याच्यावर एकदा फोकस घ्यायचा, अंगठा सोडायचा आणि चौकट हवी तशी मांडायची. मागची तिवरं किती घ्यायची, विजेचे मनोरे ठेवायचे की वगळायचे, याचा विचार करायला सवड मिळते. रोहित उडण्याआधी पाण्यावरून काही पावलं पळतो. ती पहिली पावलं दिसताच अंगठा दाबून धरायचा आणि पंखांचा गुलाबी-काळा रंग उघडेपर्यंत सोडायचा नाही. स्थिर चित्र आणि उड्डाण, दोन्ही एकाच मांडणीत मिळतात.

ही मांडणी करायला पैसे लागत नाहीत. कॅननच्या साध्या ईओएस १५००डी वर वेगळं एएफ-ऑन बटण नाही, पण कस्टम फंक्शनमध्ये शटर आणि चांदणीच्या बटणाची कामं बदलून घेता येतात. निकॉन डी३५०० वर एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑनचं काम देता येतं. निकॉनच्या वरच्या कॅमेऱ्यांत ‘एएफ अ‍ॅक्टिव्हेशन’ मध्ये ‘फक्त एएफ-ऑन’ निवडायचं. सोनीवर ‘शटरसोबत एएफ’ बंद करायचं. शटर अर्धं दाबल्यावर प्रकाशमापन मात्र चालू राहू द्यावं. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत आणखी एक पाऊल पुढे जाता येतं. अनेक मॉडेल्समध्ये एका बटणावर डोळा शोधणारा फोकस ठेवता येतो आणि शेजारच्या बटणावर एकाच बारीक बिंदूचा. पक्षी मोकळ्या आभाळात असला की पहिलं, तिवरांच्या फांद्यांआड असला की दुसरं.

याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. अंगठा सोडल्यावर फोकस त्या अंतरावर थांबतो, त्या माणसावर नाही. तुम्ही एक पाऊल पुढे झालात किंवा नवरा किंचित मागे झुकला, की पुन्हा दाबायला हवं. एफ १.४, १.८ अशा मोठ्या छिद्रावर जवळून फोटो काढताना फोकस घेऊन कॅमेरा वळवला तरी डोळा धूसर होऊ शकतो. तिथे फोकसचा बिंदूच डोळ्यावर सरकवावा. आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देताना अंगठा कुठे ठेवायचा ते आधी सांगावं.

आता कॅमेरा स्वतःच माणसाचा, पक्ष्याचा डोळा ओळखतो, मग अंगठ्याची गरज काय, असं तरुण मुलं विचारतात. यंत्राला डोळा दिसतो हे खरं आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण पंगतीत बसलेल्या वीस चेहऱ्यांपैकी कुणाचा डोळा महत्त्वाचा, हे यंत्राला माहीत नसतं. रिकाम्या दारावर फोकस ठेवून, त्या दारातून कोण येईल याची वाट पाहायची असते, तेव्हा यंत्राला पकडायला डोळाच नसतो.

अशा वाट पाहण्याचं सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच उपनगरात आहे. नयन खानोलकर यांच्या ज्या छायाचित्राला २०१६ साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं, ते आरे कॉलनीतलं. वस्तीच्या अरुंद बोळातून चालत येणारा बिबट्या त्यांनी कॅमेरा ट्रॅपनं टिपला. कॅमेरा ट्रॅपच्या कामात प्राणी कुठून जाईल हे आधी ओळखायचं, तिथे फोकस पक्का करून ठेवायचा, प्रकाश मांडायचा, आणि मग शटर त्या प्राण्याच्या येण्यावर सोपवायचं. फोकस म्हणजे कुठे पाहायचं याचा निर्णय, शटर म्हणजे कधी याचा. हे दोन निर्णय वेगळे आहेत, म्हणूनच त्यांच्यामध्ये कित्येक रात्री बसू शकतात. लग्नाच्या हॉलात त्यांच्यामध्ये दोन सेकंद असतील, पण तत्त्व तेच.

वीस वर्षांपूर्वी उपनगरात लग्नांना एखादाच फोटोग्राफर असायचा. आता अंधेरीपासून मुलुंडपर्यंत शेकडो मुलंमुली या धंद्यात येत आहेत, कर्ज काढून महागड्या लेन्स घेत आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नवी लेन्स घेण्याआधी हातातल्या कॅमेऱ्याचा मेनू उघडा आणि फोकस शटरवरून काढून अंगठ्याकडे द्या. पहिले काही दिवस बोटं गोंधळतील, म्हणून सुरुवात पैसे घेतलेल्या कामावर करू नका. घरच्या मुलांवर, स्टेशनच्या पुलावरच्या गर्दीवर, गल्लीतल्या क्रिकेटवर महिनाभर सराव करा. मग ठरवा. माझा अनुभव असा आहे की एकदा अंगठा शिकला की माणूस जुन्या मांडणीकडे परत जात नाही.