टाक्यांतली दप्तरं

घराण्याचा इतिहास म्हटला की सातबारा, खरेदीखतं, कुलवृत्तान्त असंच काही डोळ्यांपुढे येतं. त्यांत बाई येते ती बहुधा कुणाची पत्नी नाहीतर कन्या म्हणून. तिने स्वतःच्या हाताने जे नोंदवलं ते कापडावर आहे, आणि त्याला दस्तऐवज म्हणायला आपण उगाच कचरतो. बंगालची नक्षी कांथा बघा. वापरून मऊ झालेल्या साड्या-धोतरं एकावर एक अंथरायची, जुन्या साडीच्या काठातलेच रंगीत दोरे काढून सुईत ओवायचे आणि साध्या धावदोऱ्याने मधोमध कमळ, कोपऱ्यांत झाडं, उरल्या जागेत हत्ती, मासे, पालख्या भरायच्या. कोलकात्यात जोका इथल्या गुरुसदय संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातली अशी एक कांथा आहे. मानदासुंदरी दासी या बाईने ती वडिलांसाठी शिवली. तिच्यावर गोरे साहेब आहेत, शिपाई आहेत. आणि आपण ही स्वहस्ते शिवून वडिलांना अर्पण करत आहोत, अशा अर्थाचा मजकूर बंगाली अक्षरांत टाक्यांनीच लिहिलेला आहे. लेकीची माया आणि तिच्या काळचं राज्य, दोन्ही एकाच वस्त्रावर उतरलं आहे.

यावर कुणी म्हणेल, कमळ काय, झाड काय, ही चित्रं तर ठरलेलीच. त्यात एका घराची गोष्ट कुठली? पण आपल्या जात्यावरच्या ओवीचंही तसंच आहे. चाल ठरलेली, ओवी कुणाला गायची तेही पुष्कळदा ठरलेलं. तरी त्यात भावाचं नाव कोणतं आणि सासरचं दुःख किती, हे दळणारीच ठरवते. साचा सगळ्यांचा असतो, म्हणून तर एकीने घातलेलं वेगळं चटकन डोळ्यांत भरतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मानदासुंदरीसारखं नाव घालणाऱ्या थोड्या. आणि आपल्या गोधडीत तर बहुधा चित्रही नसतं. हिरवा तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे सांगणारी म्हातारी गेली की कापड मुकं होतं. हे खरंच आहे. पण घरात मोडी वाचणारा उरला नाही की दप्तरही मुकं होतं. म्हणून कुणी शहाणा माणूस ते रद्दीत घालत नाही, वाचणारा शोधतो. गोधडी वाचणारी तर पुष्कळ घरांत अजून आहे. तिच्यापाशी गोधडी पसरून बसा, तुकड्यातुकड्यावर बोट ठेवून विचारा, आणि उलट्या बाजूच्या कोपऱ्यात चार टाके घालून ठेवा: कुणाच्या लुगड्याची, कुणी शिवली, साल कोणतं.