राघूची शाळा

औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन झाल्यावर जवळा बाजारला दोन दिवस राहण्याचा योग आला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे घर तिथे आहे. गाव पूर्वी परभणी जिल्ह्यात होते; १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा निराळा झाला, तेव्हा तिकडे गेले. नावातच बाजार, त्यामुळे कापूस, सोयाबीन, हळद यांच्या भावाखेरीज दुसरे बोलणे कानी पडत नाही. पण गाव ओलांडून शेतात शिरावे, तो पैसा न मोजता माल उचलणारी गिऱ्हाइके भेटतात. ती म्हणजे राघू!

पौषाचे दिवस होते. ज्वारी हुरड्यावर आलेली. हिरवागार थवा किरकिरत यायचा, एकेका कणसावर एकेक राघू लोंबकळायचा, चार दाणे खाऊन ते टाकून द्यायचा आणि पुढचे धरायचा. मी शहरी माणूस, हरखून पाहत राहिलो. विद्यार्थ्याचे वडील मात्र गोफण फिरवीत म्हणाले, "खातेत कमी अन् नासतेत जास्त, सर." ज्याची ज्वारी, त्याला त्यात काव्य कुठून दिसणार?

त्यांच्या ओसरीवर एक जुना पिंजरा टांगला होता. त्यात लसूण ठेवलेला. देशी पोपट पकडायला, विकायला, पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आता बंदी आहे. पण या पिंजऱ्यातला राघू कायद्याने सुटला नव्हता, नातवंडांच्या हट्टाने सुटला होता. ती हकीकत आजींनी सांगितली.

"दोन दिस पत्र्यावरच बसला, मास्तर. लिंबावर दुसरे राघू यायचे, हाका मारायचे. ह्यो आपला विठ्ठल विठ्ठल करीत बसायचा. तिसऱ्या दिशी मांजरानं नेला." थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "त्याला माणसाचं बोलणं आलं, राघूचं नाही आलं."

भाषा शिकवण्यावर ज्याचे पोट आहे, त्याला हे वाक्य सहज विसरता येत नाही. मौज अशी की, आजींचा हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडे ब्राझीलमध्ये मोठमोठ्या पक्षितज्ज्ञांपुढे उभा आहे.

तिथल्या ईशान्य भागातल्या कोरड्या, काटेरी रानात 'स्पिक्सचा मकाव' नावाचा निळा पोपट राहत असे. रान तुटत गेले आणि शौकिनांसाठी पक्षी पकडले गेले. १९९० मध्ये रानात एकच नर उरल्याचे आढळले. बिचाऱ्याने दुसऱ्याच जातीच्या मादीशी संसार थाटला होता. १९९५ मध्ये त्याच्यासाठी पिंजऱ्यातली एक स्वजातीय मादी सोडली. ती काही आठवड्यांतच दिसेनाशी झाली. २००० नंतर तोही कुणाला दिसला नाही.

मग जात उरली ती देशोदेशींच्या पिंजऱ्यांत. थोडे पक्षी, तेही एकमेकांचे नातलग. पुष्कळ अंडी पोकळ निघत. आपल्याकडे सोयरीक जमवताना गोत्र पाहतात, तशा तज्ज्ञांनी पक्ष्यांच्या वंशावळी मांडून जोड्या लावल्या. पत्रिका जुळली तरी वधूवरांचे न पटणे तिथेही होतेच! अंडी यंत्रात उबवली, पिलांना हाताने भरवले, कृत्रिम रेतनही केले. मार्च २०२० मध्ये जर्मनीहून ५२ पक्षी ब्राझीलला कुरासा गावाजवळ आणले.

आता त्यांना राघूपण शिकवायचे कुणी? फळ कुठले खावे, ससाणा दिसला की काय करावे, हे माणूस शिकवू शकत नाही. म्हणून त्याच रानातले, दुसऱ्या जातीचे मकाव त्यांच्या सोबतीला ठेवले. जून २०२२ मध्ये आठ निळे पोपट सोडले, ते आठ गुरुजींसह! २०२३ मध्ये रानात पिलेही जन्मली. मला स्वतःला या साऱ्या खटाटोपात यंत्रांपेक्षा ही गुरुजींची योजनाच थोर वाटते. पण २०२५ मध्ये पिसे झडवणारा आणि चोच बिघडवणारा विषाणू या पक्ष्यांत आढळला, आणि मोकळे उडणारे पोपट पुन्हा पकडावे लागले.

ब्राझील दूर राहिले. आपल्या राज्यातही अशी शाळा निघाली आहे. तिथले विद्यार्थी पोपट नव्हेत, गिधाडे. गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने ती देशभर मेली. जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झाले. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली काही गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये पेंच आणि ताडोब्याच्या अरण्यांत आणली आणि काही महिने तिथल्या पिंजऱ्यात ठेवून मग सोडली. तिथे त्यांना वाट दाखवील असे जुने गिधाड आता विरळाच. त्यांतले एक उडत, पायी चालत पार तमिळनाडूपर्यंत गेले. तिथे विजेच्या धक्क्याने मेले.