बिनकार्बनची मोटार

उमरेडमध्ये मोटार जळली की लोक ती 'भरायला' आणतात. पुस्तकात याला रिवाइंडिंग म्हणतात, पण आमच्या दुकानात हा शब्द मी क्वचितच ऐकला. जळालेलं तांबं ओढून काढायचं, तारेचा गेज पाहायचा, एका कॉइलला किती वेढे होते ते मोजून वहीत लिहायचं, नवी तार तितकेच वेढे देऊन खाचांत बसवायची आणि वार्निश पाजून वाळवायची. बाबा हे काम तीस वर्षं करताहेत. रब्बीचं पाणी सुरू झालं की शेतातले पंप येतात, उन्हाळ्यात कूलर आणि पंखे, आणि वर्षभर मिक्सर. मी इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये गेलो. सध्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी कोड लिहितो. आम्हा दोघांच्या कामाचा एकमेकांशी काही संबंध असेल असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. तो दाखवून दिला एका खेळण्यातल्या गाडीनं.

गाडी माझ्या मावसभावाची. तो डिप्लोमा करतो. रिमोटवर चालणारी, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची रेसिंग कार. तो आणि त्याचे चार-पाच मित्र रविवारी सकाळी एका लग्नाच्या लॉनच्या सिमेंटच्या पार्किंगमध्ये खडूनं ट्रॅक आखतात आणि पाच-पाच मिनिटांच्या शर्यती लावतात. त्याच्या गाडीत मूळची चंदेरी डब्याची मोटार होती. या छंदातले लोक तिला '५४०' म्हणतात. १९७६ साली जपानच्या तामिया कंपनीनं आपली पहिली रिमोट कार, पोर्शे ९३४, काढली तेव्हापासून हे माप चालत आलं आहे. जवळजवळ ३६ मिलिमीटर व्यासाचा डबा, ३.१७५ मिलिमीटरचा शाफ्ट, पुढे तीन मिलिमीटरच्या स्क्रूसाठी भोकं. मोटारीच्या आतलं तंत्र बदललं तरी बाहेरचं माप तेच राहिलं, म्हणून जुनी काढून नवी ब्रशलेस मोटार त्याच जागी बसते.

मावसभाऊ नवी मोटार आणि तिचा स्पीड कंट्रोलर घेऊन दुकानात आला. बाबांनी आधी जुनी मोटार खोलून पाहिली. आत दोन इवलेसे कार्बन झिजून अर्धे झालेले, कम्युटेटर काळा पडलेला. "हे त मिक्सरचंच पिल्लू हाय," बाबा म्हणाले. खरंच तसं होतं. मिक्सर घर्र करून थांबला की घरोघरी म्हणतात ना, 'कार्बन गेला', तोच हा कार्बन. फिरणाऱ्या कॉइलपर्यंत वीज पोचवायची आणि योग्य क्षणी तिची दिशा बदलायची, ही दोन्ही कामं कार्बन आणि कम्युटेटर मिळून करतात. दर फेरीला घासून, ठिणग्या पाडून. झिरो नंबरचा पॉलिश पेपर लावून कम्युटेटर चकचकीत करणं हे बाबांचं रोजचं काम. रेसिंगवाले पूर्वी याच कामासाठी छोटा लेथ बाळगायचे.

मग त्यांनी नव्या मोटारीचा खोका हातात घेतला. त्यावर लिहिलं होतं: १३.५ टी. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण बाबांनी मला हातानं थांबवलं. "टी म्हणजे टर्न. वेढे." रेसिंगच्या जगात मोटारीची ओळख वेढ्यांवरून ठरते. २१.५, १७.५, १३.५, १०.५. वेढे कमी तर तार जाड बसवता येते, रोध कमी होतो, करंट जास्त घेते, वेग वाढतो. शर्यतीचे गट याच आकड्यावर पाडतात, म्हणजे ज्याच्याकडे पैसा जास्त त्यानं वेगवान मोटार आणून जिंकू नये. बाबांना अडचण फक्त त्या अर्ध्या वेढ्याची होती. तार एका टोकानं आत शिरते आणि दुसऱ्या टोकानं बाहेर पडते, म्हणून शेवटचा वेढा अर्धाच राहतो, हे त्यांनी मोटारीच्या मागच्या झरोक्यातून टॉर्च मारून स्वतःच शोधलं.

माझं काम इथून सुरू झालं. ब्रशलेस मोटारीत सगळं उलटं असतं. तांबं बाहेरच्या भिंतीला स्थिर, आणि मधे फिरतं ते चुंबक. फिरणाऱ्या भागाला वीज पोचवायचीच नाही, म्हणून कार्बन नाही. पण वीज कोणत्या क्षणी कोणत्या कॉइलला द्यायची हे कुणीतरी ठरवायलाच हवं. ते काम आता स्पीड कंट्रोलर करतो. मोटारीत तीन हॉल सेन्सर बसवलेले असतात. चुंबक कुठं आहे ते सेन्सर सांगतात आणि कंट्रोलरमधली चिप पुढचं बटण दाबते. या मोटारीच्या चुंबकाला दोन ध्रुव, म्हणून एका फेरीत सहा वेळा. मोटार साधारण ३००० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३००० फेरे. बॅटरी ७.४ व्होल्टची. भार नसताना मिनिटाला २२,२०० फेरे, आणि सेकंदाला २,२२० वेळा हा निर्णय. कार्बन घासून करायचा ते काम आता काही ओळींचा प्रोग्राम करतो.

"म्हणजे माझं काम तुह्याकडं आलं," बाबा म्हणाले. हसत म्हणाले, पण म्हणाले.

बसवण्याच्या कामात मात्र त्यांचा हात माझ्यापेक्षा पुढे होता. स्क्रू लावण्याआधी त्यांनी त्याची लांबी मोजली, कारण स्क्रू दोन मिलिमीटर जास्त आत गेला तर थेट तांब्याला टेकतो. मोटारीच्या शाफ्टवरचं छोटं चक्र म्हणजे पिनियन. त्याचे दात मोठ्या चक्रात फार घट्ट बसले तर मोटार गरम होते, सैल बसले तर दात उडतात. दोन्हींच्या मधे कागदाची पट्टी घालून मोटार दाबायची, स्क्रू आवळायचे आणि पट्टी काढून घ्यायची, ही सगळ्या रेसिंगवाल्यांची युक्ती. आम्ही नागपूर-उमरेड एसटीचं तिकीट वापरलं. तीन जाड तारा डाखताना बाबांनी विचारलं, "उलटी फिरली त दोन तारा बदलायच्या न?" थ्री फेज पंप उलटा फिरला की ते हेच करतात. सेन्सर नसलेल्या ब्रशलेस मोटारीत हे चालतं. सेन्सरवाल्या मोटारीत नाही, कारण सेन्सर आणि तारा यांचा क्रम ठरलेला असतो. ए ला ए, बी ला बी, सी ला सी. दिशा बदलायची तर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये बदलायची.

मोटार पहिल्या झटक्यात फिरली. खरा प्रश्न उन्हाचा होता.

मे महिना होता. नागपूरच्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको. २३ मे २०१३ ला तिथं ४७.९ अंश नोंदले गेले होते. मोटारीसोबत एक तक्ता आला होता: अमुक मोटारीला इतक्या दातांचं पिनियन. पिनियन मोठं घेतलं की गाडी जास्त पळते, पण मोटारीवर भार येतो आणि ती तापते. हवेचं तापमान किती धरलं आहे हे तक्त्यात कुठंच नव्हतं. असे तक्ते करणाऱ्यांच्या खोलीत बावीस अंश असावेत, असा मी अंदाज धरला. साध्या दर्जाच्या निओडिमियम चुंबकाची मर्यादा ८० अंशांच्या आसपास असते. मोटारीत त्याहून वरचा दर्जा वापरतात, पण आम्ही ८० चीच रेघ धरली. बावीस अंशांच्या खोलीत त्या रेघेपर्यंत ५८ अंशांची जागा आहे. आमच्याकडे ४५ अंश हवेत उरतात ३५. मोटार आजूबाजूच्या हवेपेक्षा जितकी जास्त गरम, तितकीच उष्णता ती बाहेर टाकू शकते. म्हणजे तीच मोटार आमच्या पार्किंगमध्ये जेमतेम ६० टक्के उष्णता झेलू शकते. वर तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला जवळजवळ ०.४ टक्के, आणि ते आणखी तापतं.

बाबांच्या हातातल्या मोटारींना ही अडचण नव्हती. पंपाच्या मोटारीत चुंबक नसतं. तिथं मर्यादा तारेवरच्या इनॅमलची, एफ क्लास असेल तर १५५ अंश. ती ओलांडली तर मोटार जळते, आणि जळलेली मोटार भरता येते. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "मॅग्नेट भरता येते का?" आमच्या दुकानात नाही येत. चुंबक एकदा मऊ पडलं की मोटार फिरते, पण तिच्यात जोर राहत नाही, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून चाचणी घेतली. तक्त्यातलं पिनियन लावून दोन मिनिटं गाडी पळवली आणि टेम्परेचर गन धरली: ८१. बाबांनी गन न बघता डब्याला बोट लावलं, दोन मोजले आणि काढून घेतलं. पाच मोजेपर्यंत बोट ठेवता आलं तर मोटार सुखात आहे, हा त्यांचा हिशेब. तीन दात कमी असलेलं पिनियन लावलं. पूर्ण पाच मिनिटांनी ७४. बाबांचं बोट तीनपर्यंत टिकलं. मावसभावाचं तोंड उतरलं, कारण सरळ रस्त्यावर गाडी आता मित्रांच्या गाड्यांपेक्षा हळू होती. रविवारी त्या दोन वेगवान गाड्या चौथ्या मिनिटाला कंट्रोलर तापून थांबल्या. तो दुसरा आला, आणि मोटार आजही तितकाच जोर लावते.

इथवरची गोष्ट मजेची आहे. पण मला लिहायचं होतं ते पुढचं.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार रेटिंग बंधनकारक झालं. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या पंख्यांमध्ये बीएलडीसी पंखे वाढत चाललेत. बीएलडीसीमधला 'बीएल' म्हणजे ब्रशलेसच, मावसभावाच्या गाडीतल्या मोटारीचाच मोठा भाऊ. जुना पंखा ७५ वॅट खायचा तिथं हा ३० च्या आसपास. चांगली गोष्ट आहे, विजेचं बिल कमी येतं. पण हा पंखा बंद पडतो तेव्हा त्याचं तांबं बहुतेक वेळा ठणठणीत असतं. गेलेलं असतं ते आतलं सर्किट. बाबा पंखा खोलतात, कॉइलवर मीटर धरतात, तिन्ही आकडे सारखे येतात, आणि त्यापुढे त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरत नाही.

मग तो बोर्ड माझ्याकडे वर येतो. आणि इथं मला ती गाडी आठवते. ८,००० रुपयांच्या आत आलेल्या त्या खेळण्याच्या कंट्रोलरमध्ये एकोणीस वर्षांच्या पोरासाठी सगळं उघडं होतं. बॅटरी किती व्होल्टवर तोडायची, ब्रेक किती जोरात लावायचा, टायमिंग किती अंश पुढे घ्यायचं, सगळं त्याला बदलता येतं, कारण बदलता आलं नाही तर रेसिंगवाले तो विकतच घेणार नाहीत. पंख्याच्या बोर्डावर मात्र बऱ्याचदा काळं रेझिन ओतलेलं असतं. चिपवरचा नंबर घासून टाकलेला. नकाशा कुठं मिळत नाही. प्रोग्राम वाचायला गेलं तर कुलूप. काम माझ्याकडे आलं असं बाबा म्हणाले होते, पण ते माझ्याकडेही आलेलं नाही. ते रेझिनच्या आत आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. घरातली उपकरणंही त्यात धरली आहेत. मी बाबांना ते मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "यात बोर्डाचा नकाशा भेटते का?" मी शोधत होतो त्या पंख्याचा नव्हता.

तरी दुकान बसून राहिलेलं नाही. मागच्या महिन्यात एक ई-रिक्षावाला आला. रिक्षा सुरू होताना झटके द्यायची, जागेवरच थरथरायची. बाबांनी मोटारीच्या तीन जाड तारा एकमेकींना जोडल्या आणि शाफ्ट हातानं फिरवला. सगळीकडे सारखा जड. "तांबं चांगलं हाय," म्हणाले, "सेन्सर पाह्य." मावसभावानं मीटर धरला, शाफ्ट हळूहळू फिरवला. दोन सेन्सर शून्य ते पाच व्होल्ट उड्या मारत होते, तिसरा मेलेला. काही रुपयांचा सुटा भाग. तो बदलताना डाखायचं काम बाबांनीच केलं, कारण त्यांचा हात अजून माझ्याइतका थरथरत नाही.

मावसभाऊ आता आठवड्यातून दोन संध्याकाळी दुकानात बसतो. पंख्याच्या एका बोर्डावरचं रेझिन हेअर ड्रायरनं मऊ करून तो टाचणीनं खरवडतो आहे. चौदा दिवस झाले, निम्मा बोर्ड दिसायला लागला आहे.