जुन्या चिठ्ठीशेजारी नवी

खरपुडीच्या वेलीचं वाळलेलं फूल वनस्पतिसंग्रहाच्या कागदावर इतकं सपाट होतं, की त्यावरून जात ठरवता येत नाही. मी ते चिमट्याने अलगद सोडवतो आणि उकळत्या पाण्यात टाकतो. थोड्या वेळात तो तपकिरी तुकडा फुगतो, नळी गोल होते, वर पाच पाकळ्यांची टोकं जुळून कंदील उभा राहतो. मग भिंगाखाली नळी उभी चिरायची. आत खाली वळलेले केस, तळाशी फुगीर खोली. तिथे कधी तरी चिलटाएवढी माशी सापडते. वासाने आत आलेली, केसांनी अडवलेली. वेलीवरच्या फुलात हे केस कोमेजतात आणि माशी सोंडेला परागपुंज घेऊन सुटते. हिला तेवढा वेळ मिळाला नाही. फूल आधीच खुडलं गेलं होतं.

लिनियसने 1753 मध्ये खरपुडीच्या प्रजातीला सेरोपेजिया हे नाव दिलं, ते 'हॉर्टस मलबारिकस'मध्ये चितारलेल्या मलबारच्या वेलीला धरून. पसारा मोठा: कॅनरी बेटं, आफ्रिका, अरबस्तान, भारत, थेट ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग. सह्याद्रीत तर जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या जाती आहेत. हरिश्चंद्रगडाची सेरोपेजिया लॉई त्यातलीच.

2017 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रुइन्स आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे मांडलं, की ब्रॅकिस्टेल्मा ही प्रजाती आणि माकडशिंगाचे सगळे भाऊबंद सेरोपेजियाच्याच वंशात बसतात, म्हणून त्यांना तेच नाव द्यावं. सातशेहून जास्त जातींचं कुटुंब एका नावाखाली आलं. मला ते पटेना. माकडशिंग म्हणजे माळावरची जाड, चौधारी, बिनपानांची दांडी. फूल चांदणीसारखं उघडं. कुठे कंदील, कुठे ते!

पण एकदा दोन्ही फुलं शेजारी ठेवून चिरली. बाहेरच्या पाकळ्या बाजूला केल्यावर मधोमध तोच दुपदरी मुकुट, तेच जोडीजोडीने लटकलेले मेणासारखे परागपुंज. तेव्हापासून नात्याबद्दल मला शंका नाही. नावाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. माकडशिंगाला कॅरालुमा म्हणणारे आजही आहेत, आणि सोयीसाठी वेगळी नावं ठेवावीत हे त्यांचं म्हणणं मला समजतं.

वनस्पतिसंग्रहात जुन्या चिठ्ठीवरचं नाव खोडायचं नसतं. ज्याने ते लिहिलं, त्याने त्या दिवशी जे पाहिलं ते तिथे आहे: खडकाची फट, पाऊस, फुलाचा रंग. वाळल्यावर रंग उडतो, तो त्या ओळीतच उरतो. मी नवी चिठ्ठी शेजारी चिकटवतो, तारीख घालतो. चिरलेलं फूल, माशीसकट, कागदाच्या छोट्या पाकिटात घालून त्याच पानावर लावतो.