काकूंच्या मांडींतील दांडा

सिरसाळ्याच्या आमच्या वाड्यांत काकू न्हाणीच्या उंबऱ्याशीं घसरून पडल्या, त्यास आतां सोळा वर्षें झालीं. खुब्यांत हाड मोडलें. शहरांतील रुग्णालयांत त्यांचा सांधा काढून धातूचा नवा बसविण्यांत आला. त्याचा लांब दांडा मांडीच्या हाडाच्या पोकळींत खोल गेलेला. दोन महिन्यांत काकू चालूं लागल्या. मग घरानें ठरविलें कीं, त्यांस पाण्याचा तांब्याहि उचलूं द्यावयाचा नाहीं. ह्या ठरावास आमचाहि दुजोरा होता, हें कबूल केलें पाहिजे.

गेल्या वर्षीं मांडी दुखूं लागली म्हणून त्यांस अंबाजोगाईस नेलें. क्ष-किरणांच्या चित्रांत दांडा भक्कम होता. पण खुब्यालगतचें हाड विरळ, फिकट दिसत होतें, आणि खालीं दांड्याच्या टोकाशीं तेंच जाड झालें होतें. धातूनें हाड खाल्लें, असें आम्हांस वाटलें. डॉक्टर म्हणाले, "खाल्लें नाहीं, त्याचें काम काढून घेतलें."

हाड जिवंत असतें. जेथें भार पडतो तेथें तें स्वतःस बळकट करतें, जेथें पडत नाहीं तेथें झिजतें. जर्मन शस्त्रवैद्य ज्युलियस वोल्फ यांनीं १८९२ सालीं हा नियम ग्रंथरूपानें मांडला. काकूंचा दांडा कोबाल्ट-क्रोमियमचा, म्हणजे हाडाहून दहापटींवर ताठ, आणि खालपर्यंत खडबडीत. हाड त्यास खालींच घट्ट बिलगलें; शरीराचा भार धातूंतून थेट तळाशीं उतरूं लागला आणि वरचें हाड रिकामें राहिलें. एकट्या थोरल्या भावानें सारा प्रपंच ओढला म्हणजे धाकट्यांचें काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको!

इंग्लंडांत जॉन चार्न्ले यांनीं १९६२ सालीं सिमेंटानें बसविलेला सांधा यशस्वी केला. पुढें हाडच धातूस चिकटावें म्हणून सिमेंटावांचून बसणारे सांधे आले, आणि काकूंच्या मांडींतील हा घोटाळा त्यांत ठळक दिसूं लागला. तेव्हां कारागिरांनीं ताठपणांत सुमारें निम्मा असा टायटॅनियम घेतला, खडबडीत लेप वरच्याच भागास दिला, दांडे आंखूड केले. मात्र दांडा फार लवचीक केला तर तो हाडाशीं हलतो, आणि तेथें हाडाऐवजीं नुसतें तंतुमय मांस धरतें. हाडाची मर्जी राखणें सोपें नाहीं.

घट्ट बसलेला दांडा उपटण्यांत उरलेलें हाडहि फुटण्याचें भय, म्हणून शस्त्रक्रिया नको, असें डॉक्टरांचें मत पडलें. गेलेलें हाड बहुधा परत यावयाचें नाहीं; आहे तें राखण्यास चालावें, पण पडूं नये. आम्ही मान खालीं घातली. काकू मात्र उसळल्या, "मी तरी दुसरें काय सांगत होतें रे?"

आतां न्हाणींत धरावयास दांडी बसविली आहे. सकाळीं काकू काठी टेकीत मारुतीपर्यंत जातात. आम्ही चार पावलें मागें असतों. त्यांनीं वळून पाहिलें कीं, चप्पल नीट करण्याचें निमित्त करतों.