वधाची कथा आणि वध्याचे नाव

डी क्विन्सीने १८२७ साली खुनाला उपरोधाने ललित कलांच्या पंक्तीस बसवले, तेव्हा एक गोष्ट ओघानेच आली : खुनी कलावंत ठरला आणि मेलेला माणूस केवळ सामग्री. व्हिक्टोरियाकालीन वृत्तपत्रांनी हीच व्यवस्था पुढे चालवली. १८८८ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात मारल्या गेलेल्या पाच स्त्रिया कशा जगल्या, याकडे सामान्य वाचकाचे लक्ष वळले ते हॅली रुबेनहोल्ड यांच्या २०१९ मधील ग्रंथामुळे. निनावी खुन्याविषयीचे कुतूहल मात्र त्यापूर्वी शतकभर अखंड पोसले गेले होते.

आलापल्लीच्या परिसरात हाच प्रश्न अधिक अवघड होऊन उभा राहतो. २९ एप्रिल १८५८ रोजी रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांच्या उठावकऱ्यांनी तारखात्याच्या तळावर हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल मारले गेले, पीटर निसटला. पुढे अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाई यांनी बाबूरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. लोककथेत त्या फाशीचा दोर पुन्हापुन्हा तुटतो. २००९ मध्ये बाबूरावांचे टपाल तिकीटही निघाले.

या दोन्ही कथनांत गार्टलंड आणि हॉल आडनावांपुरतेच उरतात. वसाहती वृत्तांतात ते बंडखोरांच्या क्रौर्याचा पुरावा आहेत, तर उठावाच्या गौरवकथेत पराक्रमाची खूण. घोसरी, सगणापूर, बामनपेठ येथील चकमकींत पडलेल्या गोंडांच्या वाट्याला तर रूढ कथनात आडनावही येत नाही. म्हणजे विस्मरण हे कुतूहलाच्या अभावातून येत नाही. कुतूहल एका नायकावर किंवा एका दोरावर खिळते, आणि त्यातूनच बाकीचे पुसले जातात.

मग त्या दोघांसाठी शोक करणे म्हणजे फाशी देणाऱ्यांच्या बाजूस जाणे होय काय? तसे मानले, तर मृतांना राजवटीच्या युक्तिवादाबाहेर जागाच उरत नाही. उठावाची न्याय्यता मान्य करूनही तळावर झोपलेला माणूस माणूसच राहतो. आणि घोसरीला पडलेला निनावी गोंडही. दोघांना एकाच वाक्यात जागा देणारे कथन मराठीत अद्याप दुर्मीळ आहे.